सॅडल हंटिंग: झाडावर चढण्या-उतरण्याचं हलकं सामान सुचवा (मिशिगन, सरकारी जंगल)

ओकची_वाट
मंडळी, १ ऑक्टोबरला मिशिगनमध्ये हरणांचा बो सीझन (धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम) सुरू होतोय. यंदा झाडाला बांधायचा बसायचा स्टँड न नेता सॅडलवर (दोराने झाडाला जोडून बसायचा रुंद कमरपट्टा) बसायचं नक्की केलंय. गाडीपासून सव्वा मैल चालणं, तेही पहाटे अंधारात. उंची १५ ते १८ फूट. कपडे-धनुष्यासकट माझं वजन १९० पौंड. चढायला काय घ्यावं आणि उतरायला काय? सॅडल धरून सगळं मिळून बजेट ५०० डॉलर. वापरलेलं सामानही चालेल.

कार्बनकाठी
चार कार्बन स्टिक (झाडाला बांधायच्या, पायऱ्या असलेल्या छोट्या काठ्या) घ्या आणि उभं राहायला एक छोटा प्लॅटफॉर्म. ॲल्युमिनियमची स्टिक साधारण दोन पौंडांची, कार्बनची जेमतेम एक. चार स्टिकमागे चार पौंड वाचतात. शिवाय नोव्हेंबरच्या थंडीत धातूसारखी हाताला बोचत नाही आणि एकमेकींवर आपटली तरी खणखणत नाही. माझ्या सेटवर तीन हंगाम झाले, एक ओरखडा नाही. महाग आहे, पण पुन्हा घ्यावं लागत नाही.

एकच_स्टिक
चार कशाला? एकच स्टिक आणि तिला दोन पायऱ्यांचा एडर (खाली लोंबणारी पट्ट्याची शिडी) पुरतो. स्टिक कमरेच्या उंचीवर बांधायची, एडरवरून वर चढायचं, टेदर (सॅडल झाडाला जोडणारा दोर) जमेल तितका वर सरकवून त्यावर बसायचं, मग खाली वाकून स्टिक सोडून वर घ्यायची. एका फेरीत चार-साडेचार फूट मिळतात, म्हणजे १८ फुटांना चार-पाच फेऱ्या. टेदर एकदाही झाडावरून सुटत नाही, हा यातला मोठा फायदा. उतरताना मात्र बहुतेक जण रॅपल करतात (दोरावरून घसरत उतरतात), कारण खाली पायऱ्याच नसतात.

पुणेरी_पगडी
शिकार? १९७२ पासून आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे ना?

ओकची_वाट
तो भारतात. इथे रीतसर परवाना आणि टॅग घेऊनच शिकार होते. धागा सामानाचा आहे, तिकडेच राहू या. @एकच_स्टिक, रॅपलला कुठला दोर आणि काय यंत्र?

एकच_स्टिक
ग्रिग्री (दोर आवळून धरणारं, हँडलने सोडायचं यंत्र) आणि ८ मिमी दोर. पिशवीत मुठीएवढा मावतो.

दोर_तपासनीस
हे कृपया करू नका. सध्याच्या ग्रिग्रीवर ८.५ ते ११ मिमी छापलेलं आहे. ८ मिमीचा दोर तिच्या कॅममध्ये (दोर दाबून धरणारा फिरता भाग) घसरू शकतो, ओला किंवा बर्फाळलेला असेल तर जास्तच. रोपमॅन १ (दोरावर सरकवायची पकड) तर १० ते ११ मिमीसाठी आहे, आणि लोक तो ८ मिमीच्या टेदरवर लावतात. टेदरमध्ये ढील असताना पाय घसरला तर असा कॅम दोराचं आवरण फाडतो. आधी दोराचा व्यास ठरवा, मग त्यावर चालेल असं यंत्र घ्या.

वजनाचा हिशोब करा. ३५ फूट म्हणजे साडेदहा मीटर. ११ मिमीचा सेमी-स्टॅटिक (कमी ताणणारा) दोर सुमारे ८०० ग्रॅम भरतो, ९ मिमीचा साडेपाचशे. २५० ग्रॅम वाचवायला ८ मिमीपर्यंत उतरायची गरज नाही. ९ मिमी घ्या.

यंत्राऐवजी प्रुसिक (दोराला वेढे देऊन मारलेली, वजन आल्यावर आवळणारी गाठ) हवी असेल तर तिची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. ११ वर ८, ९ वर ६. दोन्ही एकाच जाडीच्या असल्या की गाठ नीट पकडत नाही. तीन वेढे, दोर ओला असेल तर चार. आणि लोंबकळलेल्या स्थितीत गाठ हाताच्या टप्प्यात राहील एवढाच लूप ठेवा. लांब लूप बांधून वर हात न पोहोचणारे बरेच आहेत.

तिरंदाज_लान्सिंग
प्रुसिकची दोरी डायनीमाची (हलका, मजबूत कृत्रिम धागा) घेतली तर आणखी हलकी होईल.

दोर_तपासनीस
नाही! डायनीमा १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि निसरडाही असतो. रॅपल करताना गाठ दोरावर घासून तापते. घसरणाऱ्या गाठीला उष्णता सोसणाऱ्या ॲरामिड आवरणाची किंवा निदान पॉलिएस्टरची दोरी लागते. डायनीमा सॅडलच्या ब्रिजला (पुढचा जोडदोर) ठीक, कारण तिथे गाठ घसरत नाही.

तिरंदाज_लान्सिंग
पण पुष्कळ जण वापरतात.

माडाखाली
आमच्याकडे कोकण-गोव्यात पाडेली पायात दोरीचं कडं घालून माडावर चढतात. ५०० डॉलर कशाला घालवायचे?

एकच_स्टिक
माडाला फांद्या नसतात, खोड सरळ असतं आणि पाडेली नारळ पाडून लगेच उतरतो. इथे ओकवर पाच तास बसायचंय, धनुष्य ओढायचंय, सहा फुटांवर पहिली फांदी आडवी येते. फांदी ओलांडायची तर दुसरा टेदर किंवा लाइनमन दोर (खोडाभोवती घालून कमरेला अडकवायचा) लागतो: नवा वर बांधून मगच जुना सोडायचा. कौशल्य त्यांचं थोरच, पण काम वेगळं आहे.

कार्बनकाठी
म्हणूनच स्टिक. कार्बन घ्या. प्लॅटफॉर्म विसरू नका.

राखेचं_झाड
सामानाच्या आधी झाडाचं बोला. एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि आता मिशिगनभर ॲश जातीची वाळलेली झाडं उभी आहेत. अंधारात ती सरळसोट, सॅडलला अगदी योग्य वाटतात, पण लाकूड ठिसूळ झालेलं असतं. खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी ३ मिमीची भोकं, सुतारपक्ष्याने सोलून काढलेले फिकट पट्टे, वरच्या फांद्या उघड्या: ते झाड सोडा. शॅगबार्क हिकरीवर स्टिकचे दात सुट्या सालीवर बसतात आणि साल सोलून स्टिक खाली येते. बीचची साल गुळगुळीत, पावसात साबणासारखी. दहा ते चौदा इंच जाडीचा जिवंत रेड ओक किंवा मेपल बघा. झाड दिवसा निवडून ठेवा.

तिरंदाज_लान्सिंग
स्टिक झाडावर रात्रभर ठेवणार असाल तर नाव-पत्ता किंवा डीएनआरचा (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) क्रमांक त्यावर लावावा लागतो. सरकारी जमिनीवर १ सप्टेंबरच्या आधी लावता येत नाहीत, १ मार्चपर्यंत काढायच्या. सालीत घुसणारं काहीही चालत नाही.

ओकची_वाट
@दोर_तपासनीस, उतरल्यावर दोर झाडावरून कसा काढायचा? सगळे रॅपल रॅपल म्हणतात, हे कोणीच सांगत नाही.

दोर_तपासनीस
दोराच्या एका टोकाला शिवलेला किंवा बांधलेला डोळा, त्यात स्टीलची क्विक लिंक (नटाने बंद होणारी कडी), नट घट्ट पिळलेला. दोर खोडाला वळसा घालून याच लिंकमधून ओवला की फास होतो. तुम्ही लोंबकळायचं लिंकमधून खाली येणाऱ्या मोकळ्या दोरावर. लिंकला पॅराकॉर्ड (बारीक दोरी) बांधून त्याचं टोक जमिनीपर्यंत सोडायचं. खाली आल्यावर पॅराकॉर्ड ओढला की लिंक खाली सरकते, फास मोठा होत जातो, दोराचं मोकळं टोक लिंकमधून निघून सगळा दोर खाली पडतो.

चुका इथे होतात. पहिली, अंधारात दोर आणि पॅराकॉर्डची गल्लत. म्हणून टेदर तसाच ठेवून आधी पूर्ण वजन रॅपलच्या दोरावर टाका, दहापर्यंत मोजा, मगच टेदर सोडा. दुसरी, दोर आखूड निघणे. खालच्या टोकाला गाठ मारा म्हणजे यंत्र टोकावरून निसटणार नाही. तिसरी, उतरल्यावर तीच गाठ सोडायला विसरणे. ती लिंकमध्ये अडकते आणि दोर रात्रभर झाडावर राहतो. चौथी, फास फांदीच्या खुंटावर टेकवणे, मग कितीही ओढा, येत नाही.

फिगर-एट (आठच्या आकाराचं धातूचं कडं) वापरत असाल तर त्याच्या खाली ऑटोब्लॉकची (हात सुटला की आवळणारी) गाठ हवीच, कारण फिगर-एट हात सुटल्यावर थांबत नाही. आणि वापरलेलं सामान घ्याल तर फक्त धातूचं. दोर, पट्टे, सॅडल उन्हात किती पडलं होतं हे विकणाराही सांगू शकत नाही.

एकच_स्टिक
ग्रिग्रीबद्दल एक राहिलं. हँडल घाबरून पूर्ण ओढलं की ती मोकळी सुटते, म्हणून ब्रेकचा हात दोरावरून काढायचा नाही. दोराबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, माझा ८ मिमी बदलतो.

कार्बनकाठी
स्टिक असल्यावर रॅपलची गरजच काय? जसे चढलात तसे उतरा. मीही रॅपल करत नाही.

राखेचं_झाड
स्टिकवरून उतरताना लाइनमन दोर कमरेला ठेवा, पण तो खाली घसरणं थांबवत नाही. टेदरही सोबत सरकवत आणा. स्टिक बांधल्यावर खाली जोरात झटका देऊन बसवा आणि पाय खोडालगत ठेवा. पायरीच्या टोकावर वजन आलं की स्टिक बाजूला फिरते.

ओकची_वाट
सगळ्यांचे आभार. काल ऑर्डर दिली. सॅडल, टेदर, लाइनमन दोर आणि कॅरॅबिनरचा नवा सेट २७५. साध्या ॲल्युमिनियमच्या तीन स्टिक १२०, एडर २०. ९ मिमीचा ३० फूट दोर ४०, फिगर-एट १५, ऑटोब्लॉकची दोरी १०. एकूण ४८०. कार्बन नाही, एक-स्टिकही नाही. प्लॅटफॉर्म घेतला नाही, वरच्या स्टिकच्या दुहेरी पायरीवरच उभा राहणार. तीन स्टिकमध्ये १४-१५ फूट मिळतात, तेवढीच उंची ठेवतो. उतरणं स्टिकवरून, दोर फक्त स्टिक घसरली तर अडकून पडू नये म्हणून.

कार्बनकाठी
प्लॅटफॉर्मशिवाय तासाभरात तळपाय दुखतील. आणि झाडामागून, धनुष्य रोखायला अवघड बाजूने हरीण आलं तर फिरणार कसे?

दोर_तपासनीस
स्टिकना हॉकी टेप गुंडाळा, खणखणाट जाईल. तो ३० फुटी दोर पिशवीच्या तळाशी ठेवू नका, सॅडलच्या थैलीत ठेवा. आणि सप्टेंबरमध्ये जमिनीपासून तीन फुटांवर लोंबकळून, डोळे मिटून फिगर-एट लावून बघा. टेदर कपाळाच्या उंचीवर, कायम ताणलेला.

ओकची_वाट
शनिवारी अंगणातल्या मेपलवर करतो. @कार्बनकाठी, प्लॅटफॉर्म पुढच्या वर्षी बघू.