शास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांच्या लेखनातील दुरुस्त्या टिकत का नाहीत?

प्रश्न : कच्चा खर्डा

नमस्कार. माझे शिक्षण भाषा विषयात झाले असून गेली सहा वर्षे मी एका संशोधन संस्थेत शोधनिबंध, अनुदानाचे प्रस्ताव आणि रुग्णालयातील डॉक्टरांचे केस रिपोर्ट (एकेका रुग्णाच्या आजाराचे वृत्तांत) प्रकाशनापूर्वी तपासून देण्याचे काम करते. अडचण अशी आहे की मी केलेल्या दुरुस्त्या सर्वजण विनातक्रार स्वीकारतात, आभारही मानतात, आणि तीन महिन्यांनी त्याच व्यक्तीचा पुढचा मसुदा येतो तेव्हा त्यात नेमके तेच दोष जसेच्या तसे असतात.

नमुना म्हणून याच आठवड्यातील एक वाक्य देते : ‘तापमानवाढीच्या परिस्थितीमध्ये सदर एन्झाइमच्या क्रियाशीलतेमध्ये बदल घडून येत असल्याचे निरीक्षण नोंदविण्यात आले.’ मी ते ‘तापमान वाढल्यावर या एन्झाइमची क्रियाशीलता बदलली’ असे केले. लेखकाने होकार दिला, परंतु ‘शास्त्रीय लेखन असेच असते’ हेही ऐकवले. डॉक्टरांचे दुखणे याच्या उलट असते. त्यांचे लिहिणे इतके आखूड असते की क्रियापदच सापडत नाही.

दुसरी शंका माझ्या मर्यादेबद्दल आहे. मागे एका निबंधात ‘अपुरी झोप आणि वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला’ हे वाक्य मला निर्जीव वाटले, म्हणून मी ‘अपुऱ्या झोपेमुळे रक्तदाब वाढतो’ असे केले. लेखकानेही ते न पाहता स्वीकारले; संबंध म्हणजे कारण नव्हे, हे समीक्षकाने मात्र बरोबर पकडले. तेव्हापासून हात आखडला आहे. संस्थेने आता मला दोन दिवसांची कार्यशाळा घेण्यास सांगितले आहे. विज्ञान न शिकलेल्या व्यक्तीने या लोकांना नेमके काय शिकवावे आणि कुठे थांबावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : तांबडी शाई

वीस वर्षांहून अधिक काळ वैज्ञानिक नियतकालिकांसाठी संपादन केले आहे, त्यामुळे आपले दुखणे ओळखीचे आहे. कटू वाटले तरी सांगतो : आपल्या दुरुस्त्या टिकत नाहीत, कारण त्या आपण करता. लेखक ‘सर्व बदल स्वीकारा’ या एका बटणावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. त्याने काही शिकावे असा प्रसंगच त्या व्यवहारात येत नाही.

आपल्याच वाक्याकडे पाहा. आपली दुरुस्ती मूळ वाक्याच्या निम्मी आहे, वाचायला सोपी आहे, आणि तितकीच पोकळ आहे. ‘बदलली’ म्हणजे वाढली की घटली? किती तापमानाला? किती पटींनी? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, ते फक्त लेखकाजवळ आहे, आणि बहुधा त्यानेही ते अजून स्वतःशी पक्के केलेले नाही. ‘बदल घडून येत असल्याचे निरीक्षण’ ही शब्दांची गर्दी बहुतेक वेळा अशा न घेतलेल्या निर्णयावर घातलेली चादर असते. आपण चादरीची घडी नीट केलीत, तिच्याखाली काय आहे ते पाहिले नाहीत.

म्हणून मी बऱ्याच वर्षांपासून पहिल्या वाचनात एकही शब्द बदलत नाही. समासात फक्त वाचक म्हणून माझे काय झाले ते लिहितो : ‘येथे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले’, ‘हा गट म्हणजे वरचा दुसरा गट की नवा?’, ‘हे तुम्ही मोजले की गृहीत धरले?’ मग लेखकाला समोर बसवून मसुदा मिटून ठेवायला सांगतो आणि विचारतो, ‘सापडले काय?’ जो माणूस कागदावर चाळीस शब्दांत अडखळतो तोच तोंडाने दहा शब्दांत उत्तर देतो. ते उत्तर मी त्याच्यादेखत उतरवून घेतो आणि त्याच्याच हातात देतो. आपले वाक्य आपणच सुधारले हे त्याच्या लक्षात राहते.

वाक्यरचनेबद्दल एकच गोष्ट शिकवायची असेल तर जोर कुठे पडतो ते शिकवा. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी १९९० साली ‘अमेरिकन सायंटिस्ट’मधील लेखात वाचकाच्या अपेक्षांचा मुद्दा मांडला होता : वाचक वाक्याच्या आरंभी ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटी नवी, महत्त्वाची गोष्ट मिळेल असे धरून चालतो. त्यांची उदाहरणे इंग्रजीतील आहेत. मराठीत शेवटची जागा क्रियापद अडवून बसते, त्यामुळे जोर त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर पडतो. ‘या औषधाने २७ रुग्णांना आराम पडला’ आणि ‘२७ रुग्णांना या औषधाने आराम पडला’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा, आणि मग ‘२७ रुग्णांना आराम पडला तो याच औषधाने’ असे म्हणून पाहा. माहिती तीच असली तरी प्रत्येक वाक्य वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. निबंधाचा प्रश्न कोणता हे ठाऊक असल्याखेरीज यांतील योग्य वाक्य निवडता येत नाही, आणि ती निवड पुन्हा लेखकाचीच असते.

एका मसुद्यात दोनच दोष दाखवा, बाकीचे निमूटपणे सोडून द्या. हे सर्वांत अवघड असते. मला अजूनही जमत नाही.

उत्तर : रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर आहे. वरील उत्तर शोधनिबंधांपुरते पटते, परंतु आमचे बहुतेक लेखन शोधनिबंध नसतेच. डिस्चार्ज समरी (रुग्णाला घरी सोडताना दिलेला उपचारांचा सारांश), दुसऱ्या डॉक्टरला पाठवायची चिठ्ठी, पाळी बदलताना ठेवलेली नोंद हेच आमचे रोजचे लेखन, आणि त्याचा वाचक म्हणजे रात्री दोन वाजता त्या रुग्णाला प्रथमच पाहणारा, घाईत असलेला एखादा अनोळखी सहकारी. कार्यशाळेत डॉक्टर असतील तर त्यांना आधी हा वाचक डोळ्यांसमोर उभा करून द्या. व्याकरण नंतर पाहता येईल.

माझीच एक चूक सांगतो. एका रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत मी ‘रक्त पातळ करणारी गोळी सध्या बंद’ असे लिहिले होते. एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी ती बंद केली होती आणि आठवडाभराने पुन्हा सुरू करायची होती, हे मला इतके स्पष्ट ठाऊक होते की ते लिहिण्याची गरजच वाटली नाही. सहा आठवड्यांनी तो रुग्ण परत आला तेव्हा गोळी बंदच होती, कारण त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्या ‘सध्या’ या शब्दाचा मान राखला होता. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि कोणत्याही भाषातज्ज्ञाने ते तसेच पुढे जाऊ दिले असते.

त्यानंतर मी शिकाऊ डॉक्टरांसाठी एक साधा उपक्रम सुरू केला. एकाने लिहिलेली समरी, रुग्णाची ओळख पटेल असा सर्व मजकूर झाकून, दुसऱ्या वॉर्डातील सहकाऱ्याच्या हाती द्यायची आणि दोन मिनिटांत तीन प्रश्नांची उत्तरे मागायची : कोणते औषध बदलले आणि का, कोणत्या तपासणीचा निकाल यायचा आहे, आणि तो कोण पाहणार आहे. लिहिणारा बाजूलाच बसलेला असतो, पण त्याला बोलायची मनाई असते. आपल्याच कागदावर दुसऱ्याला चाचपडताना पाहणे ही मोठी शिक्षा आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून समऱ्यांमध्ये ‘का’ आणि ‘कधीपर्यंत’ हे शब्द आपोआप दिसू लागले.

आपण म्हणता तो आखूडपणा मात्र सरसकट दोष मानू नका, कारण वाचकालाही वेळ नसतो. घातक असतो तो दोन अर्थांचा आखूडपणा. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली रुग्णालयांत वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच काढली. त्यात युनिटऐवजी लिहिले जाणारे ‘यू’ हे इंग्रजी अक्षर आहे, कारण हस्ताक्षरात ते शून्यासारखे दिसते आणि मात्रा दहापट वाचली जाऊ शकते. दशांश चिन्हापुढचे अनावश्यक शून्यही त्यात आहे, कारण चिन्ह पुसट झाले की १.० मिलिग्रॅमचे १० मिलिग्रॅम होतात. उलट, अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाआधीचे शून्य गाळले की ०.५ चे ५ होतात. एका टिंबाने एवढा फरक पडतो हे दाखवले की डॉक्टरमंडळी लेखनाच्या तासाला सरळ बसतात, असा माझा अनुभव आहे.

केस रिपोर्टसाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेली ‘केअर’ ही मार्गदर्शक सूची हाताशी ठेवा. घटनांचा कालक्रम आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे या आमच्याकडून हमखास सुटणाऱ्या दोन गोष्टी तीत स्पष्टपणे मागितलेल्या आहेत.

उत्तर : विश्वासांतर

मी सांख्यिकीचा अभ्यासक आहे. ‘तांबडी शाई’ यांच्या सूचनेला एक पुरवणी जोडतो, आणि थोडा विरोधही नोंदवतो. तोंडी उत्तर स्पष्ट असते हे खरे, परंतु ते अनेकदा वाजवीपेक्षा ठामही असते. संशोधकाला ‘सापडले काय?’ असे विचारले की तो अटी, अपवाद आणि नमुन्याच्या मर्यादा गाळून उत्तर देतो. म्हणून त्या प्रश्नानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : ‘हे कोणाबद्दल खरे आहे आणि कशावरून?’

गाळलेली अट काय करू शकते याचे एक दाखल्यासारखे उदाहरण आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची खात्रीशीर नोंद सापडली, असे त्यात म्हटले होते. पत्राचा मजकूर नेमका होता. पुढे मात्र ते शेकडो लेखांत उद्धृत झाले आणि ‘रुग्णालयात दाखल असताना’ ही अट वाटेत गळून पडली. २०१७ साली त्याच नियतकालिकात या उल्लेखांची छाननी प्रसिद्ध झाली. तीत ६०८ उल्लेख तपासले होते, आणि त्यांपैकी सुमारे ८१ टक्के ठिकाणी ते रुग्ण रुग्णालयातील होते हे सांगितलेलेच नव्हते. मूळ पत्राच्या शीर्षकातही ती अट नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. घाईत असलेला वाचक शीर्षकच बरोबर नेतो.

आपली झोप आणि रक्तदाबाची चूक याच जातीची आहे, त्यामुळे हात आखडू नका, फक्त कोणत्या शब्दांना हात लावायचा नाही ते ठरवून घ्या. ‘आढळले’, ‘सूचित होते’, ‘दिसून येते’, ‘सिद्ध होते’ ही क्रियापदे एकमेकांच्या जागी बसणारी नाहीत, ती पुराव्याची उतरंड आहेत. ‘मुळे’ हा शब्दयोगी अव्ययाचा तुकडाही तसाच, कारण तो मिळवण्यासाठी बहुधा काळजीपूर्वक आखलेला प्रयोग करावा लागतो. अशा शब्दाशी अडलात तर बदलू नका, लेखकाला विचारा. ‘लक्षणीय’ या शब्दाचेही तेच. तो सांख्यिकीय अर्थाने (निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा फरक) आला आहे की ‘बराच’ या अर्थाने, हे लेखकाखेरीज कोणी सांगू शकत नाही, आणि दोन्ही बाबतींत त्याच्या जागी प्रत्यक्ष फरक आणि त्याचा विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांमध्ये असावा असा अंदाज आहे त्या मर्यादा, दिलेला बरा.

धुके आणि शंका वेगळ्या आहेत, एवढेच मला म्हणायचे आहे. संपादकाने धुके हटवावे, पण लेखकाची शंका त्याच्याबरोबर पुसू नये.

प्रतिसाद : कच्चा खर्डा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कार्यशाळेचा पहिला दिवस मी ‘रात्रपाळी’ यांच्या उपक्रमावरच बेतणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपलाच एक परिच्छेद घेऊन बसावे असे ठरवले आहे. व्याकरणावरचे माझे ऐंशी स्लाइड तूर्त बाजूला ठेवले आहेत.

एन्झाइमच्या वाक्याचे पुढे काय झाले तेही सांगते. काल लेखकाला भेटून मसुदा मिटायला लावला आणि विचारले, ‘बदलली म्हणजे वाढली की घटली?’ तो म्हणाला, ‘पंचेचाळीस अंशांपर्यंत वाढली, मग झपाट्याने उतरली.’ मी दुसरा प्रश्न विचारला, ‘कशावरून?’ यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने वही काढली. पंचेचाळीस आणि पंचावन्न अंशांच्या मध्ये त्याने एकही मोजणी केलेली नव्हती, त्यामुळे उतार नेमका कुठे सुरू झाला हे त्याला सांगता येत नव्हते, आणि आलेखातील सुबक वळण मात्र त्या मोकळ्या जागेवरूनच गेलेले होते. तो मसुदा परत घेऊन गेला आहे. पन्नास अंशांची मोजणी पुढच्या आठवड्यात होईल, असे त्याने कळवले आहे.