शब्दचर्चा : नॅरोबोटीची निगा, डागडुजी आणि पाण्याची क्रियापदं

कालवाकाठ

नमस्कार. आम्ही इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये राहतो. आमची ५७ फुटी नॅरोबोट ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टरकडे जाणाऱ्या फाट्यावर, मार्केट हारबरोजवळ बांधलेली असते. या उन्हाळ्यात आई-बाबा नेवाशाहून येऊन बोटीवर राहणार आहेत. आम्ही दोघं दिवसभर कामावर असणार, तेव्हा रोजची निगा आणि काही अडलंच तर काय बघायचं, याचा मराठी तक्ता केबिनमध्ये लावायचा आहे. बाबांचं इंग्रजीत अडत नाही, पण आईला मराठीच हवं आणि तक्ता दोघांना मिळून वापरायचा आहे.

ज्यांनी ही बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, लांबी ७० फुटांपर्यंत जाऊ शकते. इथल्या कालव्यांवरचे अरुंद लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, साधारण ७ फूट रुंद आहेत म्हणून बोटही तेवढीच. हे माप जेम्स ब्रिंडलीने ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या वेळी ठरवलं. त्या कालव्याचं काम १७६६ मध्ये सुरू झालं आणि १७७७ मध्ये संपलं. पूर्वी या बोटींतून कोळसा आणि चिनी मातीची भांडी जायची, आता लोक राहतात किंवा सुट्टीत फिरतात.

हे शब्द अडलेत : मेंटेनन्स, ट्रबलशूटिंग, ब्लॅकिंग, स्टर्न ग्लँड, वीड हॅच, विंडलास, लॉकचा सिल, सॅक्रिफिशियल ॲनोड. आणि बोटीत पाणी दिसलं की 'लीक' एवढंच लिहून भागत नाही, ते कुठून आलं यावर पुढचं सगळं ठरतं.

परिभाषाप्रेमी

मेंटेनन्सला 'परिरक्षण', ट्रबलशूटिंगला 'दोषनिवारण', ॲनोडला 'त्यागी धनाग्र', लॉकला 'जलपाश', नॅरोबोटीला 'अरुंद नौका'. शासकीय आणि विज्ञानविषयक मराठीत अशीच घडण चालते आणि ती नेमकी असते.

वंगण

सर, अहवालात हे शब्द चालतील. पण ताईंचा तक्ता इंजिनाच्या वरती टांगायचा आहे, आणि वाचणारे काका नेवाशाचे आहेत. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला यातलं निम्मं काम ठाऊक असतं आणि त्या कामाचे शब्दही त्याच्याकडे असतात. मी पंप आणि इंजिनं दुरुस्त करतो, त्यावरून सांगतो.

स्टर्न ग्लँड म्हणजे पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथला पाणी अडवणारा भाग. सेंट्रिफ्यूगल पंपाला हेच असतं आणि आम्ही त्याला नुसतं 'ग्लँड' म्हणतो. आत भरतो ती 'ग्लँड दोरी'. सैल झाली की 'ग्लँड आवळायची', दोन्ही नट सारखे, थोडे थोडे. फार आवळली तर शाफ्ट तापतो आणि त्यावर चर पडतात. चालवून झाल्यावर तिथे हात लावून बघायचा, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर आवळणं जास्त झालंय. बोटीला तिथे ग्रीसचा कप असेलच. तक्त्यात लिहा : 'संध्याकाळी बोट बांधली की ग्रीसचा कप फिरवावा, ठिबकणं थांबेपर्यंत.'

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की इंजिन 'हवा धरतं', मग 'हवा काढावी' लागते. स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. यासाठी दुसरा शब्द शोधूच नका.

जुन्या नॅरोबोटींत लिस्टर कंपनीची इंजिनं असत. लिस्टरच्याच जुन्या नमुन्याची इंजिनं राजकोटला वर्षानुवर्षं बनत आलीत आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मळ्यांवर चाललीत. काकांना तुमचं इंजिन परकं वाटणार नाही.

कालवाकाठ

दादा, हे फार उपयोगी. आमचं इंजिन नवं आहे, पण थंड करायची पद्धत वेगळी आहे. कालव्याचं पाणी आत घेत नाहीत. बोटीच्या पत्र्याला आतून एक चपटी टाकी जोडलेली असते, इंजिनाचं कूलंट तिच्यातून फिरतं आणि उष्णता पत्र्यातून बाहेरच्या कालव्यात जाते. तिला स्किन टँक म्हणतात.

वंगण

मग तक्त्यात 'स्किन टँक'च लिहा आणि टाकीवर तेच नाव चिकटवा. इंजिन तापलं तर ओळीने बघायचं : कूलंट कमी झालंय का, पट्टा तुटलाय किंवा सैल झालाय का, आणि टाकीने हवा धरलीये का. टाकीच्या माथ्यावर हवा काढायचा स्क्रू असतो. गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नये, हे मोठ्या अक्षरांत.

हर्णैकर

ब्लॅकिंगबद्दल मी लिहितो. लोखंडी बुडाला बाहेरून डांबराचा थर देतात तेच ना? मग 'डांबर मारणे' म्हणा. 'काळं फासणे' चुकूनही लिहू नका. मराठीत काळं तोंडाला फासतात, ते कोणाच्या बोटीला नको.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होड्या वर ओढतात, झाकतात, त्याला 'होडी शाकारणे' म्हणतात. लाकडाच्या होडीला मुशीचं तेल लावतात, फटी बुजवतात, रंग देतात. ताई, तुमची बोट बाहेर घेतात त्याला 'गोदीत घेणे' किंवा 'वर घेणे' म्हणा. ड्राय डॉकला 'सुकी गोदी' छापील मराठीत रुळलेलंच आहे. प्रोपेलरला आमचे खलाशी 'पंखा'च म्हणतात. पंख्यात जाळं अडकलं, दोर गुंडाळला, असं रोज ऐकू येतं. म्हणून वीड हॅचला, म्हणजे पंख्यापर्यंत हात घालायच्या जागेला, 'पंख्याचं झाकण'.

कालवाकाठ

'पंख्याचं झाकण' घेतलं. काका, आमच्याकडे पंख्यात प्लास्टिकच्या पिशव्या, दोर, कपडे येतात. हा फाटा पुढे लेस्टरला सोअर नदीत मिळतो. तिथे आपल्याकडची बरीच कुटुंबं अस्थिविसर्जनाला येतात, आणि एकदा पंख्यातून जरीकाठाचं वस्त्र सोडवावं लागलं होतं.

या झाकणाच्या सूचना मी अशा केल्यात : 'इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. मगच झाकण उघडून हात घालावा. झाल्यावर झाकण बसवून आवळावं, आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.' शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. झाकण नीट बसलं नाही तर पंखा फिरताच पाणी जोराने आत उसळतं आणि बोट बुडू शकते.

पाटपाणी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. मुळा उजव्या कालव्यावर बरीच वर्षं होतो, म्हणजे तुमच्या बाबांच्या शेताकडे जाणारं पाणी आमच्या हातून गेलं असेल. लॉकच्या शब्दांबद्दल बोलतो.

आपले कालवे सिंचनाचे. त्यांवर बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक नसतात, म्हणून 'जलपाश' हा शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. 'लॉक'च ठेवा. पण भागांसाठी आपल्याकडे चांगले शब्द आहेत. पाणी सोडायच्या पॅडलला 'झडप'. ती वर करायला जो काटकोनी दांडा लागतो, विंडलास, त्याला मी 'हँडल' म्हणेन, इंजिनाला हँडल मारतात तेच. आणि दरवाज्याखालचा जो कट्टा पाण्यात लपलेला असतो, सिल, तो सरळ 'उंबरा'. घराच्या दाराला असतो तोच शब्द. आईंना तो लगेच कळेल आणि त्याचा धोकाही कळेल.

कालवाकाठ

'उंबरा' वाचून एकदम जमलं! लॉकमध्ये उतरताना बोटीची मागची बाजू वरच्या दरवाज्याच्या फार जवळ राहिली तर पाणी ओसरतं तशी ती उंबऱ्यावर टेकते. पुढचं टोक खाली जात राहतं, बोट तिरकी होते, आणि काही क्षणांत पुढून पाणी आत घुसू शकतं. भिंतीवर उंबरा कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी खूण असते. आता वाक्य असं : 'उतरताना बोट पांढऱ्या खुणेच्या पुढे ठेवावी. मागची बाजू उंबऱ्यावर अडकली तर ताबडतोब खालच्या झडपा बंद, मग वरच्या झडपा हळू उघडून पाणी भरावं.'

जवळच फॉक्स्टनला दहा लॉकांची उतरंड आहे, पाच-पाचांच्या दोन माळा, १८१४ मध्ये सुरू झालेली. तिथे झडपांना लाल आणि पांढरा रंग दिलेला असतो, आधी लाल उघडायची, मग पांढरी. इथल्या बोटवाल्यांचं त्यावर एक यमक आहे. मराठीत काही सुचवाल का?

पाटपाणी

'आधी लाल, मग सफेद. उलट केलं तर होईल खेद.' पाटकऱ्यांनाही अशी यमकं पाठ असत, ती घाईत आठवतात. आणि फॉक्स्टनला तुम्ही 'उतरंड' म्हणालात तो शब्द सोडू नका.

मराठीची मास्तरीण

पाण्याच्या क्रियापदांवर अजून कोणी लिहिलं नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. मराठीत पाणी येण्याच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळं क्रियापद आहे. तक्त्यात ती अचूक वापरली तर निम्मा शोध भाषेतच लागतो.

*ठिबकणे* : थेंब-थेंब, अंतर राखून. ग्लँडचं काम हे. इंजिन चालू असताना थोडं ठिबकलं तर चालतं, कारण त्या पाण्याने शाफ्ट थंड राहतो. बांधलेल्या बोटीत ठिबकत राहिलं तर ग्रीस द्यायचं.

*गळणे* : जोडातून, नळातून, टाकीतून. याला जागा असते आणि ती सापडते. ताई, बोटीत घरगुती पाण्याचा पंप असेलच. सगळे नळ बंद असताना तो मधेच आपोआप चालू झाला तर आतली नळी कुठेतरी गळते आहे. पंप बंद करून ठेवावा. पाणी वाढायचं थांबलं तर ते आपल्याच टाकीतलं, बाहेरचं नव्हे.

*झिरपणे* : जागा डोळ्याला दिसत नाही, पाणी मात्र हळूहळू साचतं. पत्र्याला बारीक भोक पडलं असेल तर हे क्रियापद. याच्यापुढे तक्त्यात फक्त 'आम्हाला फोन करावा' असू द्या.

*ओघळणे* : पृष्ठभागावरून खाली. खिडकीच्या चौकटीतून पावसाचं पाणी ओघळतं, त्याची रेघ भिंतीवर राहते. रेघ वर शोधत गेलं की जागा मिळते.

*घाम येणे* : हे गळणंच नव्हे. थंड पत्र्यावर आतली वाफ निवते. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास. यावर उपाय दुरुस्तीचा नाही, हवा खेळती ठेवण्याचा.

*सादळणे* : पाणी दिसतच नाही, पण काडेपेटी पेटत नाही, गादी जड लागते, पापड मऊ पडतो. आई हे सगळ्यांच्या आधी ओळखतील. त्यांना सांगून ठेवा, की काही सादळलं तर केबिनच्या फळीखाली बघायचं. मागच्या पायरीजवळ तिथे एक झाकण असतं ना?

कालवाकाठ

हो, पायरीजवळच. बाई, तुमची सहा क्रियापदं जशीच्या तशी तक्त्याच्या मधोमध जातील. इथे इंग्रजी पुस्तिकेत या सगळ्याला एकच शब्द आहे आणि मग खाली पानभर खुलासा.

एक भर घालते. इंजिनाखालच्या तळाशी साचतं त्यात तेल मिसळलेलं असतं. ते कालव्यात उपसायचं नाही, डब्यात भरून ठेवायचं. हा नियम आहे आणि बदकं आमच्या दाराशी येतात.

वंगण

बॅटरीचंही असंच लिहा. 'बॅटरी उतरली' म्हणजे चार्ज केली की उठेल. 'बॅटरी चार्ज धरत नाही' म्हणजे ती संपली, बदला. लोक दोन्हीला 'बॅटरी गेली' म्हणतात आणि चांगली बॅटरी फेकतात. साधी लेड-ॲसिड असेल तर विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. निम्म्याखाली उतरू देत राहिलं तर ती लवकर मरते.

परिभाषाप्रेमी

ॲनोडचं काय ठरलं? धनाग्र हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकांत आहे, तो टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हर्णैकर

टाकू नका सर. पण तक्त्यावर धातूचं नाव हवं. समुद्रात झिंकचे तुकडे लावतात. गोड्या पाण्यात काय लावता, ताई?

कालवाकाठ

मॅग्नेशियमचे. बुडाला बाहेरून जोडलेले असतात, ते झिजतात म्हणून बोटीचा पत्रा टिकतो. डांबर मारायला दोन-तीन वर्षांनी बोट वर घेतली की तेही बघतो. मी लिहिते, 'मॅग्नेशियमचे तुकडे (धनाग्र)'. दोघांचंही राहील.

मराठीची मास्तरीण

वरच्या मथळ्याचंही बघा. 'परिरक्षण' एकच न घेता काम विभागून लिहा. रोजची ती 'निगा' : ग्रीस, तेलाची पट्टी, तळातलं पाणी. ठरलेल्या मुदतीची ती 'देखभाल' : ऑइल, फिल्टर, डांबर. लहानसं मोडलं-सुटलं ती 'डागडुजी'. 'दुरुस्ती' म्हणजे कारागीर बोलवायचा. ट्रबलशूटिंगला 'बिघाड कसा शोधावा'. वायरमन लोक 'फॉल्ट काढणे' म्हणतात, तेही चालेल.

पाटपाणी

शेगडी आहे का बोटीत? मग एका शब्दाकडे लक्ष द्या.

कालवाकाठ

आहे, कोळशाची. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे, एप्रिल २०१९ पासून बोटींच्या सुरक्षा तपासणीत तो सक्तीचा आहे. तक्त्यात लिहिलंय, 'गुदमरल्यासारखं वाटल्यास बाहेर पडावं.'

पाटपाणी

तोच शब्द काढा. गुदमरणं म्हटलं की माणूस धुराची, खोकल्याची वाट बघतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि त्याने सहसा आधी गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. मराठीत 'गुंगी' हाच शब्द हवा. आणि हवा यायच्या जागांना 'झरोके' म्हणा. थंडी वाजली म्हणून आपल्याकडची माणसं आधी कापडाचे बोळे घालून झरोके बुजवतात. तिथे स्पष्ट मनाई लिहा.

कालवाकाठ

बदललं : 'डोकं दुखलं, मळमळलं किंवा गुंगी आली तर दोघांनीही लगेच बाहेर यावं. शेगडी, इंजिन काहीही बंद करायला मागे थांबू नये. काठावर पोचल्यावर फोन. झरोके थंडीतही बुजवू नयेत.' ही ओळ लाल अक्षरांत सगळ्यात वर जाईल. आज रात्री आईला फोनवर पूर्ण तक्ता वाचून दाखवते. तिला जिथे परत विचारावं लागेल, तो शब्द उद्या इथे आणते.