आईसाठी असिस्टेड लिव्हिंगची खोली बघताना नेमकं काय तपासावं?

कोथरूडची लेक
आई ८१ची. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालते. आम्ही दोघंही नोकरीवाले. तीन महिन्यांत आईला सांभाळायला ठेवलेल्या चार बायका बदलून झाल्या. शेवटी आईच म्हणाली, "मला कुठेतरी नीट जागा बघ." पुण्याजवळ असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे राहण्यासोबत रोजच्या कामांत मदत मिळते अशा, दोन जागा पाहिल्या. लॉबीत कारंजं, चहा-बिस्किटं, सगळं झकास. खोली मात्र पाच मिनिटांत उरकली. एकीकडे दोघींत एक, दुसरीकडे स्वतंत्र पण लहान. खोली केवढी असावी याला काही नियम आहे का?

टेपवाला
पेशाने आर्किटेक्ट आहे, आणि बाबांसाठी याच फेऱ्या मारल्यात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत निराधारांच्या वृद्धाश्रमासाठी माणशी ७.५ चौ. मी. झोपायची जागा धरलीय, म्हणजे जेमतेम ८० चौ. फूट. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवरच्या नियामकाने, मे २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष काढले: दारं किमान ९०० मिमी, न घसरणारी फरशी, धरायला दांडे. पण ते विकत घ्यायच्या घरांना. महिन्याचे पैसे भरून राहायच्या खोलीला रेरा कायदा लागत नाही, तेव्हा तेच आकडे घेऊन तुम्हीच मोजायचं.

खिशात टेप ठेवा. चौकट मोजू नका, दार उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजा. व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. आज वॉकर आहे, पण पुढचं धरून चला. खोलीआधी बाथरूम बघा. दार आत उघडत असेल तर नको: माणूस आत पडला की दारालाच अडतो, मग बाहेरून ढकलता येत नाही. कमोड ४५ ते ४८ सेंमी उंच हवा. आणि दांडा जोर लावून ओढा. एका ठिकाणी तो टाइलवर नुसता चिकटवलेला होता, माझ्या हातातच आला. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

निवृत्त सिस्टर
बेल न सांगता दाबा आणि घड्याळ बघा. बाथरूममधल्या बेलची दोरी फरशीपर्यंत लोंबते का? पडलेल्या बाईचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत कसा पोचणार? एक फेरी रात्री नऊनंतर मारा, मजल्यावर किती माणसं जागी आहेत ते कळेल.

खिडकीतला आजोबा
मी स्वतः तीन वर्षं अशाच ठिकाणी राहतोय. तुमचं मोजमाप चालू द्या, पण ताई, आईला तिथे पलंगावर आडवं व्हायला सांगा आणि काय दिसतं ते विचारा. मला "गार्डन फेसिंग" देत होते, मी रस्त्याकडची मागून घेतली. बागेत काही घडत नाही हो. आपली खुर्ची नि कपाट नेता येतं का, देवापुढे दिवा लावू देतात का, हेही विचारा. आमच्याकडे निरांजन बंद, बॅटरीचा दिवा.

कोथरूडची लेक
सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊन गेले. दोघींच्या खोलीत बाथरूमचं दार ६२ सेंमी, आईचा वॉकर सरळ जातच नाही. बेल दाबली, अकरा मिनिटांनी मावशी आल्या. स्वतंत्र खोलीत दार ९१, पण दोन इंचांचा उंबरा. तो काढून देतो म्हणालेत, लेखी मागितलंय. आई आडवी झाली आणि म्हणाली, "समोर शाळा आहे वाटतं." मग बराच वेळ उठेचना.

निरांजनाचं विचारायचं राहिलं. उद्या फोन करते.