१८वरून ८वर: एका एज रशरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक द्यावेत का? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

गोलरेषा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे) वर सरकण्याबद्दल, म्हणजे आधीची पाळी विकत घेण्याबद्दल, जाणकारांचं मत हवंय. परिस्थिती अशी धरा: संघाकडे १८, ५० आणि ८२ हे पिक (निवडीच्या पाळ्या) आहेत, शिवाय पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिकही शिल्लक आहे. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) रुकी करारावर, म्हणजे नवख्याच्या स्वस्त करारावर, दुसरं वर्ष. एज रशर (कडेने समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) म्हणावा असा एकच, तोही तिशी ओलांडलेला. उजवा टॅकल (एज रशरला अडवून क्वार्टरबॅकला राखणारा) आणि दुसरा कॉर्नर (पास झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू) या जागा रिकाम्याच म्हणायच्या. यंदाच्या एज रशरांत एक जण ठळकपणे वरचढ आहे आणि तो १८पर्यंत उरणार नाही हे उघड आहे.

प्रत्येक पिकला गुण देणाऱ्या जिमी जॉन्सन तक्त्यावर मांडलं तर १८ (९००) + ५० (४००) + ८२ (१८०) = १४८०. बदल्यात ८ (१४००) आणि चौथ्या फेरीतला ११०च्या आसपासचा (७४) = १४७४. कागदावर सौदा चोख बसतो. करावा का? की पुढच्या वर्षीचा पहिला पिक देऊन ५० आणि ८२ वाचवावेत?

कॅपचा हिशेब

तक्त्यावर चोख बसला म्हणून सौदा चांगला ठरत नाही. तो तक्ता १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये तयार झाला. बाजारात कोणता पिक कितीला सुटतो हे तो सांगतो, त्या पिकवर मिळणारा खेळाडू किती उपयोगी ठरतो हे नाही. नवे तक्ते मिळणाऱ्या खेळाडूची कामगिरी आणि त्याचा पगार धरून बनतात. त्यांचा उतार बराच सौम्य असतो (पुढच्या पिकांचे गुण हळूहळू कमी होतात) आणि त्यावर तुमचे ५० आणि ८२ खूप महाग पडतात. हाच सौदा तिथे मांडून पाहा, तोटा स्पष्ट दिसेल.

याबाबतीत केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांचा अभ्यास पाहाच. एकाच जागेवरचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढच्यापेक्षा सरस ठरण्याचं प्रमाण त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास आढळलं. छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. वर सरकणारा संघ नेमके या फरकाचेच पैसे मोजत असतो.

पुढच्या वर्षीचा पहिला पिक तर अजिबात देऊ नका. रिवाजाने पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरतात, म्हणजे पहिल्या फेरीचा दुसऱ्या फेरीच्या भावात जातो. २०२५मध्ये अटलांटाने जेम्स पीअर्स ज्युनियर या एज रशरसाठी रॅम्सना ४६, २४२ आणि २०२६चा पहिला पिक दिला आणि २६ व १०१ घेतले. २६ (७००) + १०१ (९६) = ७९६. त्यातून ४६चे ४४० वजा केले की २०२६च्या पहिल्या पिकचा भाव उरतो साधारण ३५५, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या मध्यातला पिक. एक वर्ष थांबण्याची एवढी किंमत! मॅसी-थेलरनी हा सूट-दर (पुढचा पिक आज किती कमी भावात जातो तो दर) वर्षाला १३६ टक्के काढला होता. असं व्याज कुणी शहाणा माणूस भरत नाही.

तिसरा डाऊन

सरासरीचा नियम बरोबर आहे, पण वर सरकणारे सगळेच फसत नाहीत. पॅकर्सनी २००९मध्ये ४१, ७३ आणि ८३ देऊन पॅट्रिअट्सकडून २६ आणि १६२ घेतले. तक्त्यावर ८९० देऊन साधारण ७२५ परत, म्हणजे उघड जादा मोजले. घेतला क्ले मॅथ्यूज. ग्रीन बेसाठी (म्हणजे पॅकर्ससाठी) त्याने ८३.५ सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं.

आता उलटं बघा. २०१३मध्ये मायामीने १२ आणि ४२ देऊन रेडर्सकडून ३ घेतला. १६८० देऊन २२००चा माल, तक्त्यावर घबाडच. घेतला डायॉन जॉर्डन. मायामीसाठी त्याचे एकूण सॅक ३, आणि २०१५चा अख्खा मोसम निलंबनात गेला. ड्राफ्टआधीच खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ओरेगनमधल्या शेवटच्या मोसमात सॅक होते जेमतेम ५. भाव स्वस्त होता, खेळाडूबद्दलचा अंदाज चुकला. त्यामुळे ८० गुण जास्त गेले की कमी, यात फार अडकू नका.

ह्यूस्टनचा २०२३चा सौदा अनेक जण दाखला म्हणून देतात: १२, ३३, २०२४चा पहिला आणि तिसरा देऊन ३ आणि १०५. विल अँडरसन ज्युनियर त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावात्मक रुकी ठरला. पण एक गोष्ट सुटते. तो १२वा पिक मुळात क्लीव्हलँडचा होता, क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनच्या सौद्यातून आलेला. क्लीव्हलँडचा २०२४चा पहिला पिकही ह्यूस्टनकडेच होता. स्वतःचा दिला तरी पहिल्या फेरीत हात रिकामा राहणार नव्हता. शिवाय क्वार्टरबॅक दुसऱ्या पिकवर आधीच घेतलेला. तुमच्याकडे असा साठा नाही, आणि दोन जागा उघड्या आहेत. ५० आणि ८२ गेले तर उजवा टॅकल कुठून आणणार? एज रशर कितीही चांगला असला तरी आपला क्वार्टरबॅक उजवीकडून मार खात राहिला तर त्याचं रुकी करारातलं स्वस्त वर्ष वाया जातं.

फिल्मरूम

भावाची चर्चा झाली, खेळाडूची राहिली. “ठळकपणे वरचढ” हे कशावरून ठरवलंत? सॅकच्या आकड्यावरून असेल तर थांबा. सॅक दर वर्षी हलतात. प्रेशरचं (क्वार्टरबॅकवर दबाव आणण्याचं) प्रमाण आणि पास-रशमध्ये समोरच्याला हरवण्याचं प्रमाण त्यामानाने टिकतं. प्रत्येक सॅक फिल्मवर पाहून वेगळा काढा: कुणी अडवलंच नव्हतं असा, कव्हरेजमुळे (पास झेलणारे सगळे रोखलेले असल्याने) क्वार्टरबॅक चार सेकंद उभा राहिला म्हणून मिळालेला, टाइट एंडला (पास झेलणारा आणि अधूनमधून अडवणारा खेळाडू) हरवून मिळालेला, आणि खऱ्या टॅकलला एकट्याने हरवून मिळालेला. शेवटचा गट मोजा, तोही अधिकृत आकडेवारीसारखा नुसता बेरजेत नको. समोर कोण होता ते लिहून ठेवा.

मग वळण बघा, बाहेरून रश करणाऱ्याचं सगळं तिथे कळतं. क्वार्टरबॅकच्या खोलीला पोचल्यावर, सात-आठ यार्डांवर, त्याचा आतला खांदा टॅकलच्या हाताखाली उतरतो का? घोटा वाकून पायाचा चवडा क्वार्टरबॅककडे वळतो का? ज्यांचा चवडा सरळच राहतो ते वेगाने येतात आणि क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातात. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो, झालं. असे खेळाडू कॉलेजमध्ये नुसत्या वेगावर १० सॅक करतात आणि वरच्या पातळीवर दुसरी चाल नसल्याने अडकतात.

मोजमापं: दहा यार्डांचा स्प्लिट (धावेतल्या पहिल्या दहा यार्डांची वेळ) १.६ सेकंदांच्या आत, थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत धावण्याची चाचणी) ७ सेकंदांच्या जवळपास, हाताची लांबी ३३ इंच किंवा जास्त. तिन्ही जमलंच पाहिजे असं नाही, पण हात आखूड असेल तर वळण उत्तम हवं. एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला होणाऱ्या वैद्यकीय फेरतपासणीचा निकाल हातात येईपर्यंत बोर्डावरची (खेळाडूंच्या क्रमवारीच्या यादीतली) जागा पक्की करू नका.

गोलरेषा

फिल्मवरून म्हणतोय. टॅकलला एकट्याने हरवलेले सॅक निम्म्याहून जास्त आहेत, वळण चांगलं आहे. हात ३२.५ इंच, स्प्लिट १.५८. त्याच्यामागचे दोन एज रशर एका पायरीने खाली वाटतात, पण १८वर त्यांच्यापैकी एक बहुतेक मिळेल.

कॅपचा हिशेब

मग खरा प्रश्न पायरी किती उंच आहे हा. तुमच्या बोर्डावर तो आणि १८वर मिळणारा यांच्यात जेवढं अंतर आहे, त्यातून ५० आणि ८२वर मिळणारे दोघे वजा करा. पगारही धरा: ८व्या पिकचा चार वर्षांचा करार १८व्याच्या साधारण दीडपट असतो. पाचव्या वर्षाचा पर्याय (संघाने करार एक वर्ष वाढवण्याचा हक्क) दोन्हीकडे मिळतो, कारण दोन्ही पहिल्या फेरीतले. तिथे वर जाऊन काही फायदा नाही.

जागेचं मोलही बघा. एज रशरसाठी हे गणित निदान मांडता तरी येतं, कारण बाजारात तो फार महाग आहे. २०२५मध्ये मायका पार्सन्ससाठी ग्रीन बेने दोन पहिले पिक आणि केनी क्लार्क दिला, वर सरासरी वर्षाला ४.७ कोटी डॉलरचा करार. मधल्या लाइनबॅकरसाठी (बचावाच्या मध्यभागी दुसऱ्या फळीत उभ्या राहणाऱ्या खेळाडूसाठी) मात्र कधीच वर सरकू नये. पिट्सबर्गने २०१९मध्ये डेविन बुशसाठी २०, ५२ आणि २०२०चा तिसरा पिक देऊन १० घेतला. तक्त्यावर जवळपास बरोबरीत, १३००ला १३००. २०२०मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि पुढे पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाने नाकारला.

तिसरा डाऊन

८वर जायची घाई कशाला? तो घसरतो का ते बघा, प्रत्येक टप्प्याला भाव झपाट्याने उतरतो. १२वर गेलात तर १८ + ५० (१३००) देऊन १२ आणि चौथ्या फेरीतला एक (साधारण १२६५), म्हणजे ८२ वाचतो. १४वर असेल तर फरक फक्त २००चा: ८२ आणि पाचव्या फेरीतला पिक पुरतो, ५० हातात राहतो आणि टॅकलचा प्रश्न सुटतो. फिलाडेल्फिया हेच करते. २०२२मध्ये जॉर्डन डेव्हिससाठी १५वरून १३वर गेले तेव्हा १२४, १६२ आणि १६६ दिले. २०२३मध्ये जेलन कार्टरसाठी १०वरून ९वर जायला पुढच्या वर्षीचा चौथा पिक पुरला.

तयारी आधी करा. ११ ते १५ मधल्या प्रत्येक संघाला ड्राफ्टच्या आठवड्यात फोन करून भाव ठरवून ठेवा, “आमचा खेळाडू उरला असेल तर” या अटीवर. त्या टप्प्यात क्वार्टरबॅक शोधणारा कुणी असेल तर लिलाव सुरू होईल, तेव्हा वरची मर्यादा लिहून ठेवा आणि घड्याळ चालू असताना ती वाढवू नका. दोन्ही संघांनी लीगला कळवल्याशिवाय सौदा पक्का होत नाही, त्यामुळे शेवटच्या मिनिटात बोलणी सुरू करणं धोक्याचं.

माझी मर्यादा ५० किंवा ८२, दोन्ही नाहीत. ११च्या वर जायचं नाही, आणि तोवर तो गेला तर १८वर दुसऱ्या पायरीवरचा एज रशर घ्या, ५०वर टॅकल.

फिल्मरूम

एवढंच जोडतो: ३२.५ इंच हाताच्या खेळाडूला लांब हातांच्या टॅकलसमोर कसं जमलं ते सामने परत बघा, विशेषतः तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला), सात यार्डांहून जास्त बाकी असताना. तिथे टॅकलचा पहिला धक्का छातीवर बसून तो जागच्या जागी थांबत असेल, तर त्याची आणि मागच्या दोघांची पायरी एकच आहे. मग १८वरच थांबा.