रशीदोव कापूसचोर, विषय संपला?

ओढाळ
काल एका धाग्यावर कुणीतरी निकाल देऊन मोकळं झालं : 'उझबेकिस्तानचा कम्युनिस्ट पक्ष म्हणजे मॉस्कोचा हरकाम्या आणि शराफ रशीदोव म्हणजे कापूसचोर. विषय संपला.' रशीदोव म्हणजे सोव्हिएत काळातला तिथला पक्षप्रमुख. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

पक्ष निव्वळ हरकाम्याच होता, तर १९३८ मध्ये स्टालिनच्या खटल्यात बुखारिनसोबत अकमल इक्रामोव आणि फैझुल्ला खोजायेव यांनाही उभं करून गोळ्या कशाला घातल्या? पहिला पक्षाचा प्रमुख, दुसरा सरकारचा. खोजायेववरचा एक आरोप तर असा, की कापूस कमी करून धान्य वाढवायचा त्याचा डाव होता! पुढे खुर्चीत बसणाऱ्यांनी धडा घेतला. रशीदोवने १९५९ ते १९८३ मॉस्कोला 'हो' म्हटलं आणि त्या आडून आपली माणसं सांभाळली. वरून साठ लाख टनांचा तगादा, शेतात तेवढा कापूस नाही. मग कागदावर पिकवला आणि पैसे मॉस्कोकडून वसूल. फसलं कोण?

सरळमार्गी
फसली ती कापूस वेचणारी बाई. तिच्या हातात त्यातलं काय पडलं? मलई रायसांना (सामूहिक शेतांच्या प्रमुखांना), पक्षाच्या चिटणीसांना आणि वर मॉस्कोत. सोव्हिएत सर्वेसर्वा ब्रेझ्नेवचा जावई चुर्बानोव लाचखोरीपायी १९८८ मध्ये बारा वर्षांसाठी आत गेला तो काय हवापालटाला? चोराला देशभक्त करू नका.

ताश्कंद रिटर्न
ऐंशीच्या दशकात मी तिथे शिकलो. सप्टेंबर लागला की वर्गातली उझबेक पोरं बसमध्ये कोंबून कापसावर. आम्ही परदेशी तेवढे मागे. थंडीत परतली की बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली. पण माझा रूममेट रशीदोवला एकदाही शिव्या देताना ऐकला नाही. शिव्या गद्ल्यान आणि इवानोव या मॉस्कोच्या तपासनिसांना. लोकांना विचारा, फायली काय वाचता!

सरळमार्गी
एका रूममेटवरून इतिहास. छान.

काळी माती
कागदावरचा कापूस आम्हाला नका शिकवू. एकाधिकार खरेदीच्या काळात बाबा बंडी घेऊन केंद्राबाहेर रात्र काढायचे. सकाळी ग्रेडर यायचा, मूठभर कापूस ओढून म्हणायचा, ओला आहे. मागच्या व्यापाऱ्याचा पाणी मारलेला माल मात्र वरच्या ग्रेडमध्ये! चुकाऱ्यासाठी पुन्हा खेटे.

सरळमार्गी
इथे विदर्भ कुठून आला?

काळी माती
काऊन नाही येणार भाऊ? कापूस आला की ग्रेडर येतोच. पुण्यात बसून तुम्हाला बोंड आणि सरकीतला फरक तरी कळतो का?

सरळमार्गी
मी पुण्याचा नाही. आणि ग्रेडर बदमाश होता म्हणून रशीदोव साधू ठरत नाही.

काळी माती
साधू कोण म्हणतंय? खालचा माणूस दोन्हीकडे मेला, एवढंच सांगतोय. तुमच्या ग्रेडरचा एक तरी किस्सा सांगा, मग बोलू.

गाळपेर
पैशाचा हिशोब झाला असेल तर अरल समुद्राचा करा. अमूदर्या-सीरदर्याचं पाणी कापसाला वळवलं, मुयनाक बंदरातल्या बोटी वाळूत रुतल्या. त्यावर या थोर पक्षाचा उपाय काय? सायबेरियाच्या नद्या इकडे आणा! १९८६ मध्ये मॉस्कोनेच ती योजना गुंडाळली. 'आपली माणसं सांभाळली' म्हणे. अरलकाठचे काराकल्पाक लोक आपले नव्हते वाटतं?

ओढाळ
अरलचा मुद्दा मान्य, काय करणार, समुद्रच दिसत नाही. पण चोर पकडायला आलेल्यांचाही पराक्रम बघा. रशीदोवनंतर उस्मानखोजायेव आला, त्याच्याच कारकिर्दीत रशीदोवची बदनामी झाली, मग तोही तुरुंगात. १९८९ मध्ये करिमोव आला आणि त्याने रशीदोवचं नाव पुन्हा धुऊन काढलं.

सरळमार्गी
करिमोवचं प्रशस्तिपत्रक! १९९१ मध्ये ज्याने पक्षाची पाटी बदलून 'लोक-लोकशाही' केली, नंतरही पोरांना वेचणीला जुंपलं, तो आता तुमचा साक्षीदार? घ्या, जिंकलात तुम्ही.

ताश्कंद रिटर्न
माझा रूममेट करिमोवलाही शिव्या द्यायचा, नोंद असावी.

काळी माती
आणि आमच्या ग्रेडरवर कुठला गद्ल्यान नेमला होता ते सांगा कुणीतरी.