मदत हवी आहे: दाढेवरची जुनी कॅप बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनॉल करून बसवलेल्या कॅपला आता १२ वर्षं झाली. आतून धातू, वरून सिरॅमिक असलेली. आजवर तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यापासून मात्र कॅपच्या बाजूच्या फटीतून फ्लॉस (दातांमधली घाण काढायचा दोरा) ओढला की दोरा पिंजून निघतो, आणि हुंगला तर घाण वास येतो. (हुंगू नये, पण हुंगलाच.) शेजारच्या दातांमध्ये असं होत नाही. हिरडीही तिथे जरा खाली सरकलीय आणि कडेला काळसर रेघ दिसते. ती रेघ कॅपमधल्या धातूचीच असू शकते, तेवढ्यावरून घाबरू नये, असं वाचलंय. मला धास्ती आहे ती वासाची. दुखत अजिबात नाही, पण नस काढलेली दाढ आतून किडली तरी दुखणार कशी? आणि धातूच्या आड एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही म्हणतात.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. ज्यांनी जुनी कॅप बदलून घेतली, त्यांना पहिली शंका कशावरून आली? कॅप काढल्यावर खाली दाढ शाबूत होती का? कुणाची तीच कॅप नव्या सिमेंटने परत बसली का, की नवीनच करावी लागली? आणि काढताना ती कापूनच काढतात का?