मदत हवी आहे: डॅम्पिंग घातल्यावर सोलिटॉनच्या मागे खड्डा

फोंड्याहून लिहितोय, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. केडीव्ही समीकरण (उथळ पाण्यातल्या लाटांचं, नॉनलिनिअर पदाचा गुणक ६) पायथॉनमध्ये स्पेक्ट्रल पद्धतीने, म्हणजे लाट साइन-कोसाइनमध्ये फोडून, सोडवतोय. उजवीकडे डॅम्पिंगचं (लाट हळूहळू विझवणारं) पद, वजा गॅमा गुणिले यू; यू म्हणजे लाटेची उंची, गॅमा ०.०१. सुरुवातीला एक सोलिटॉन (आकार न बदलता धावणारी एकटी लाट), वेग ४, उंची २; डोमेन ८० लांब, पिरिऑडिक, म्हणजे एका टोकाने गेलेली लाट दुसऱ्या टोकाने परत येते.

वेळ २० पर्यंत उंची १.५३ वर येते. म्हणजे गॅमाच्या ४/३ पट दराने घट, सिद्धांताप्रमाणेच. पण सोलिटॉनच्या मागे साधारण −०.००३ खोलीचा सपाट पट्टा राहतो. आधी कोडच चुकला वाटलं. टाइमस्टेप निम्मी केली, बिंदू २५६ चे ५१२ केले, डीएलियासिंग (बारीक लाटांची खोटी सरमिसळ काढणं) लावलं, तरी पट्टा तसाच. गॅमा शून्य केला की गायब! एकूण वस्तुमानाचा (यूची पूर्ण डोमेनवरची बेरीज) हिशेबही ऋण पट्टाच मागतो, त्यामुळे तो खरा असावा.

अडचण पुढे आहे. वेळ २० नंतर सोलिटॉन फिरून आपल्याच शेपटीत शिरतो आणि उंची डगमगते. डोमेन चौपट करून पाहिलं, पण जुना लॅपटॉप आणि पावसात सारखी जाणारी वीज, लांब रन पुरा होत नाही.

सोलिटॉनसोबत सरकणारा, शेपटी गिळून टाकणारा जास्त डॅम्पिंगचा भाग मागे लावला तर घटीचा दर बिघडेल का? आणि उंची मोजताना मागची पातळी वजा करायची की पुढची?